तीन थाऊ जास्त

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, जलाशयाच्या चढावर दुसऱ्या वळणाच्या थोडे अलीकडे, साइडकार जोडलेल्या एका जुन्या मोटरसायकलचे इंजिन चालता चालता जाम झाले. गाडी चालवत होत्या चौसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. साइडकारमध्ये त्यांचे यजमान होते. मागचे चाक चार-पाच हात फरफटत गेले. बाईंनी क्लच दाबून गाडी कडेला घेतली. कोणाला काही लागले नाही.

बाईंच्या यजमानांना सगळे पंपवाले काका म्हणतात. चढाच्या टोकाला जलाशय, त्याच्या भिंतीखाली पंपघर, आणि त्या पंपघरात काकांनी एकतीस वर्षे काढली. कोणता पंप बिघडणार हे ते आवाजावरून आदल्या दिवशी सांगत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि बोलणे गेले. कळते सगळे. तोंडातून निघतो तो एकच उच्चार, "हं". बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे पाच प्रकार आहेत.

झटक्याच्या दिवशी त्यांना काचा-दारे लावलेल्या गाडीतून दवाखान्यात नेले होते. तेव्हापासून तसल्या कुठल्याही गाडीत बसवले की काका डाव्या हाताने काच बडवतात. म्हणून बाई साठी उलटल्यावर काकांचीच मोटरसायकल चालवायला शिकल्या आणि तिला वरून उघडी साइडकार जोडून घेतली. रोज पाचला निघायचे, भिंतीपाशी अर्धा तास पंप ऐकायचे, परत यायचे.

या फेरीसाठी काका उभे राहत. व्यायाम करवून घ्यायला घरी येणाऱ्या ताईंच्या वहीत त्याचे आकडे आहेत. पलंगाजवळच्या दांडीला धरून उभे करायला गेले की काका अंग सोडून देत. गाडीत बसायचे म्हटले की साइडकारची कड धरून स्वतःच्या पायांवर उभे. त्या मंगळवारी निघताना ते अडतीस सेकंद उभे होते. ताईंनी बाईंना स्पष्ट सांगितले होते: ही सवय महिना-दीड महिना मोडली, तर पाय विसरतील. मग पुन्हा उभे राहणे होईलच असे नाही.

गाडी टेम्पोत चढवून मिस्त्रींकडे आणली तेव्हा सात वाजायला आले होते.

मिस्त्रींचे वय एकाहत्तर. त्यांचा कारखाना पत्र्याच्या दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत ते इंजिने उघडतात, मागच्या खोलीत त्यांची मुलगी सिलिंडर आतून कातण्याचे यंत्र चालवते. मुलगी छत्तीस वर्षांची आहे आणि हे काम ती नऊ वर्षे करते आहे. वडील चिठ्ठीवर माप लिहितात, मधल्या दाराच्या खिळ्याला अडकवतात, आणि मुलगी ती काढून घेऊन त्याप्रमाणे कातते. यंत्राच्या आवाजात ओरडून बोलण्यापेक्षा हे बरे, म्हणून ही पद्धत पडली. आकड्यावरून दोघांचे कधी भांडण झालेले नाही. मिस्त्री मोजतात, मुलगी कातते.

बुधवारी सकाळी दहाला इंजिन उघडले. बाई समोर स्टुलावर बसल्या होत्या.

"हा पिस्टन कोणी घातला होता?" बाईंनी विचारले. त्यांना माहीत होते.

"मीच. आठ महिन्यांपूर्वी."

"मग?"

"मग काय बाई. मान खाली घालायची, आणखी काय."

पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो. तापला की फुगतो. म्हणून दोघांच्या मध्ये बारीकशी जागा सोडावी लागते. ती थाऊमध्ये मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस साधारण तीन थाऊ भरतो. या गाडीच्या मूळ पुस्तकात तीन थाऊ जागा सांगितली आहे. पण गाडी अठ्ठेचाळीस वर्षांची, आणि मूळ कंपनीचे पिस्टन बाजारातून कधीच संपले. आता जे मिळतात ते कोण ओततो, कुठे ओततो, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. धातू कसलातरी, तापला की पावासारखा फुगणारा. अशा पिस्टनना मिस्त्री अकरा वर्षांपासून सहा थाऊ सोडत आले होते. बाईंच्या गाडीत सहाही पुरले नाहीत. पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटला होता आणि त्याने आतली भिंत ओरबाडून काढली होती.

मिस्त्रींनी भिंतीवरून बोट फिरवले आणि बाईंनाही फिरवायला लावले.

"लागतंय ना हाताला? हे सगळं कातून काढायचं. मग भोक मोठं होणार, त्याला मोठा पिस्टन लागणार. साठ नंबरचा. हे शेवटचं माप. याच्यापुढे कातायला भिंतच उरत नाही."

"म्हणजे या वेळी चुकायचं नाही."

"या वेळी नाही चुकायचं," मिस्त्री म्हणाले.

साठ नंबरचा पिस्टन पार्सलने मागवला. तो सहाव्या दिवशी आला.

मिस्त्रींकडे नवा पिस्टन थेट इंजिनात जात नाही. आधी तो तळतात. शब्द त्यांचाच आहे. स्टोव्हवर तेलाचा डबा ठेवायचा, त्यात तापमापक सोडायचा, तेल दीडशे अंशांवर गेले की पिस्टन त्यात बुडवायचा. वीस मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढून, गार व्हायच्या आत मोजायचा. गार असतानाचे माप आणि गरम असतानाचे माप यांतला फरक म्हणजे तो किती फुगतो. त्यावरून किती जागा सोडायची ते ठरते. बाईंच्या गाडीतला आधीचा पिस्टन घाईत घातला होता, तळलेला नव्हता. हे मिस्त्रींनी बाईंना न विचारता सांगितले.

पहिला पिस्टन तळला आणि मिस्त्रींनी मान हलवली.

"निकाल?" बाईंनी विचारले. त्या रोज अकराला येत, काका झोपलेले असताना.

"नापास. आधीच्यापेक्षा जास्त फुगतो हा."

"ग्रेस मार्क देऊन वर ढकलता येणार नाही?"

"याला ग्रेस मार्क दिले, तर तुम्हाला गाडी चढावरून ढकलत आणावी लागेल."

दुसरा पंधराव्या दिवशी आला. तो तळायची वेळच आली नाही. पिनेचे भोक तिरके होते. मुलीने त्यातून सरळ सळई घातली आणि लांब धरून दाखवली. "बघा बाई, चष्म्याची एक काडी वाकल्यासारखं. हा इंजिनात मान वाकडी करूनच बसेल."

तिसरा बाविसाव्या दिवशी आला. खोके जाड पुठ्ठ्याचे, वर चकाकणारा शिक्का, आत तपासणी झाल्याचा सहीचा कागद. मुलीने पिस्टन उलटा करून आतल्या बाजूला बॅटरी मारली. मग टाकाऊ मालाच्या खोक्यातून पहिला पिस्टन शोधून आणला आणि शेजारी धरला. दोघांच्याही आत, एकाच जागी, मोहरीएवढी एक गाठ होती. एकाच साच्यातली.

"अप्पा, हा पहिलाच आहे," ती म्हणाली. "कपडे बदलून आलाय."

मिस्त्री हसले. बाई हसल्या नाहीत. ताईंच्या वहीत त्या दिवशीचा आकडा नऊ सेकंद होता.

मधल्या दिवसांत बाईंनी एक उपाय करून पाहिला होता. नवव्या दिवशी मुलीने साइडकार गाडीपासून सोडवून टेम्पोतून त्यांच्या अंगणात आणून ठेवली. निदान तिच्यात बसायला काका उभे राहतील, अशी आशा. काकांना खुर्चीवरून दारात आणले. त्यांनी साइडकारकडे पाहिले, तिच्या शेजारी जिथे मोटरसायकल असायची त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि तोंड फिरवले.

"फसत नाहीत हो ते," बाई मुलीला म्हणाल्या. "एवढं तरी शाबूत आहे."

साइडकार परत गेली.

पहिला पिस्टन नापास झाला त्या दुपारी बाईंनी काकांना सांगितले, "पिस्टन मिळत नाहीये हो चांगला." काकांनी डावा हात उचलून लोखंडी कपाटाकडे दाखवले. बाईंना वाटले, थंडी वाजते. त्यांनी स्वेटर काढून दिला. काका म्हणाले, "हं." हा प्रकार चौथा: ते नव्हे. बाईंनी मफलर दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाट. बाईंनी शाल दिली, मग फोटोंचा अल्बम दिला, मग निवृत्तीच्या वेळी मिळालेले घड्याळ दिले. पुढचे जवळजवळ तीन आठवडे कपाटाचे दार दिवसातून दोन-तीनदा उघडले जाई आणि "हं" वर मिटे. ताईंचे मत पडले की रुग्णाला कधी कधी एखाद्या वस्तूचा ध्यास लागतो, मनावर घेऊ नका.

पंचविसाव्या दिवशी, शनिवारी, बाईंचा धीर सुटला. त्यांनी कपाट रिकामे करायला घेतले. एकेक कप्पा उचलून पलंगावर ओतला. साड्या, कागद, औषधे, काकांचे जुने गणवेश. सगळ्यात खालच्या कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, कोपऱ्यात, बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. डब्यात ग्रीस लावलेले फडके, फडक्यात पिस्टन. मूळ कंपनीचा, शिक्क्यासह. डोक्यावर साठ आकडा कोरलेला. रिंगा आणि पिन शेजारी मेणकागदात.

काका म्हणाले, "हं." प्रकार पहिला: हेच.

"अहो, मग हे आधी—" बाई बोलता बोलता थांबल्या. मग पलंगावर, त्या सगळ्या पसाऱ्यात बसल्या आणि काकांचा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ बसून राहिल्या. दुपारची औषधे त्या दिवशी पाऊण तास उशिरा दिली गेली. वहीत तशी नोंद आहे.

तो पिस्टन काकांनी कधी घेतला हे बाईंना ठाऊक नाही. अंथरलेले वर्तमानपत्र एकोणतीस वर्षांपूर्वीचे होते.

कारखान्यात मिस्त्रींनी हात साबणाने धुतले, पुसले, आणि मग पिस्टन उचलला. खिडकीपाशी नेला. फिरवून पाहिला. वजन केले. पुस्तकात होते तेवढेच भरले, ग्रॅमचाही फरक नाही.

"काय चीज आहे," ते म्हणाले. "पोरी, इकडे ये. हे बघून ठेव. पुन्हा बघायला मिळेल न मिळेल."

मुलीने पाहिले. नऊ वर्षांत तिच्या हातात मूळ पिस्टन पहिल्यांदाच येत होता.

"स्टोव्ह पेटवू? तळायचाय ना?"

"याला?" मिस्त्रींनी पिस्टन छातीशी धरल्यासारखा मागे घेतला. "आजोबा आहेत हे. आजोबांना काय जन्माचा दाखला मागायचा?"

म्हणून तो तळला नाही. तळला नाही म्हणून तो किती फुगतो याचा आकडा निघाला नाही. मिस्त्रींनी पिस्टनचे बाहेरचे माप घेतले, दोनदा घेतले, आणि चिठ्ठी लिहून खिळ्याला लावली. चिठ्ठीवर वरच्या ओळीत पिस्टनचे माप आहे. खालच्या ओळीत, जागा किती सोडायची त्या ठिकाणी, सहा आहे.

सहा लिहिल्याचे मिस्त्रींना आठवत नाही. तीन लिहिल्याचेही आठवत नाही. चिठ्ठी मात्र आहे आणि अक्षर त्यांचेच आहे.

सोमवारी मुलीने सिलिंडर कातला. मंगळवारी-बुधवारी मिस्त्रींनी इंजिन जोडले. तिसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सव्वादहाला पहिली किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. आणि सुरू होताक्षणीच आतून आवाज येऊ लागला: टक, टक, टक, टक. रिकाम्या डब्यावर कोणी बोटाच्या पेराने ठोकत राहावे तसा.

मिस्त्रींनी लगेच इंजिन बंद केले.  मग मधल्या दारापाशी गेले, झालेल्या कामांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, वरून तिसरी चिठ्ठी ओढली आणि चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचली.

मुलगी हात पुसत दारात आली होती.

"सहा," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हीच लिहिलंय अप्पा."

"मीच लिहिलंय. तेच बघतोय."

पिस्टन चांगला होता. तो फारसा फुगत नव्हता. पण जागा सोडली होती ती फुगणाऱ्या पिस्टनची. त्या जास्तीच्या तीन थाऊंत तो थंड असताना या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होता. आणि सिलिंडर कातून झाला होता. शेवटच्या मापाला.

"अप्पा, माझा हात थांबला होता," मुलगी म्हणाली. "सहा बघून. मूळ पिस्टनला सहा कशाला, असं आलं मनात. मग म्हटलं साइडकारचा भार आहे, चढ आहे, अप्पांनी विचार करून लिहिलं असेल."

"अप्पांनी विचार केलाच नाही. अकरा वर्षं भुक्कड माल हाताळून हात असा झालाय की चांगलं काही समोर आलं तरी सहाच लिहितो."

"मी विचारायला हवं होतं."

मिस्त्रींनी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात घातली.

"पुढच्या वेळी हात थांबला ना, की यंत्र बंद कर आणि मला हाक मार."

"तुम्ही ओरडाल."

"ओरडेन की. तरी मार."

गिऱ्हाइकाच्या घरी जाण्याची मिस्त्रींची पद्धत नाही. त्या दिवशी ते गेले, दुपारी साडेबाराला, चालत. बाईंनी दार उघडले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता आत घेतले. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. चिठ्ठी काढून दाखवली.

"बसा आधी," बाई म्हणाल्या.

मिस्त्री बसले.

"वर्गात मी दोन प्रश्न विचारायची. चूक कुठे झाली, आणि आता काय करशील. पहिल्याचं उत्तर तुम्ही दिलंत. दुसरं सांगा."

"दुसऱ्याची दोन उत्तरं आहेत बाई, आणि दोन्ही धड नाहीत." मिस्त्रींनी एक बोट दुमडले. "एक म्हणजे, सिलिंडरच्या आत नवी नळी बसवायची, लायनर. मग पुन्हा नीट माप देता येईल. पण लायनर यायला दहा-बारा आठवडे. आणि तो ओतणारे कोण? पिस्टन ओततात त्यांचेच भाऊबंद. आत पोकळ निघाला तर कळणार कसं, फुटल्यावर."

"आणि दुसरं?"

"आहे तशी चालवायची. गार असेपर्यंत आपटेल, टकटक करेल. तापली की पिस्टन थोडा भरतो, आवाज थांबतो. पण रोज गार असताना जे आपटणार, त्याने पिस्टनची खालची कड थकत जाते. कधीतरी तडकते."

"कधी?"

"एक वर्षानं की एक महिन्यानं, ते मला नाही सांगता येत. सांगितलं तर ती थाप होईल. आणि तडकला तर हा पिस्टन गेला. असा दुसरा नाही."

बाई काकांकडे वळल्या. "अहो, ऐकलंत ना? तुमचा पिस्टन आहे. तुम्ही सांगा."

काकांनी पलंगाखाली बोट दाखवले. या वेळी बाईंनी नीट पाहिले. पलंगाखाली फक्त बूट होते. काकांचे, बाहेर जायचे.

त्यांनी बूट काढून समोर ठेवले. काकांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि कोणी न सांगता स्वतःला वर रेटायला सुरुवात केली. मिस्त्री पुढे धावले. बाईंनी हाताने त्यांना थोपवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. काका उठले, डगमगले, उभे राहिले आणि बसले. अकरा सेकंद.

"लायनर मागवून ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि गाडी उद्या सकाळी इथे आणा."

शुक्रवारी सकाळी आठला मुलगी गाडी टेम्पोत घालून घेऊन आली. मिस्त्री मागून चालत आले. इंजिन मुद्दाम गार ठेवले होते, काकांना जे आहे ते ऐकू द्यायचे म्हणून. काका अंगणात खुर्चीवर होते. मुलीने किक मारली. टक, टक, टक, टक.

काकांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. मग डावा हात उचलून मिस्त्रींच्या दिशेने धरला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडी फट ठेवून. मग ती फट अर्धी केली, आणि हात तसाच धरून ठेवला.

"हो काका," मिस्त्री म्हणाले. "अर्धी पाहिजे होती. तीनच पाहिजे होती."

"हं!"

"हा कुठला प्रकार?" मुलीने बाईंना हळूच विचारले.

"हा माझ्या यादीत नाही," बाई म्हणाल्या. "पण पंपघरातल्या लोकांना पाठ असेल. तिथे अशीच हजेरी घ्यायचे ते सगळ्यांची."

काका हसत होते. हसू चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच येते. मिस्त्रीही हसले, आणि मग फडक्याने चष्मा पुसायला लागले. तो त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला.

काका साइडकारची कड धरून उठले. बाईंनी दार उघडून धरले. पण ते आत बसेनात. कड धरून, इंजिनाकडे कान करून, उभे. बारा सेकंदांनी पाय थरथरले तेव्हा खुर्ची मागे सरकवून त्यांना बसवावे लागले. दम घेतला आणि पुन्हा उभे. आवाज थांबेपर्यंत चार मिनिटे गेली आणि तेवढ्यात काका तीनदा उठले. टकटक पूर्ण थांबली तेव्हाच आत बसले.

पुढे रोज असेच होत आले आहे. आवाज थांबेपर्यंत काका गाडीत बसत नाहीत. बाईंनी एक-दोनदा आग्रह करून पाहिला, आता करत नाहीत. ताई त्यांच्या वहीत उभे राहण्याचे सेकंद लिहितात. शेवटच्या स्तंभात, जिथे कारण लिहायचे असते, त्या "इंजिन ऐकण्यासाठी" असे लिहितात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आकडा एकोणीस होता. दुसऱ्याच्या शेवटी सव्वीस.

टकटक किती वेळ टिकते हे मिस्त्रींच्या सांगण्यावरून बाई वेगळे टिपून ठेवतात. मुलगी दर रविवारी येते, तेल काढून पांढऱ्या कापडावर गाळते आणि कापड उन्हात धरून धातूचा कण दिसतो का ते पाहते. पहिल्या दोन्ही रविवारी कापड स्वच्छ होते. तिसऱ्या रविवारी एक कण होता, तीळभरही नाही इतका. तो पिस्टनचा की आधीच्या ओरबाडण्यातला राहून गेलेला, हे तिला ठरवता आले नाही. तिने ठरल्याप्रमाणे हात थांबवून वडिलांना बोलावून घेतले. त्यांनाही ठरवता आले नाही. लायनर अजून आलेला नाही.

पहिले दोन आठवडे टकटक रोज चार मिनिटे टिकत होती. गेल्या सोमवारपासून ती पाच झाली. थंडी वाढली आहे, हे एक कारण असू शकते. मिस्त्री ते कारण पूर्ण मान्यही करत नाहीत आणि नाकारतही नाहीत. काल, शुक्रवारी, पाचला पाच मिनिटे कमी असताना बाईंनी इंजिन सुरू केले. काका कड धरून उठले आणि एका दमात चौतीस सेकंद उभे राहिले. टकटक सहा मिनिटे टिकली. पाच वाजून एक मिनिटाने ती थांबली, काका आत बसले आणि गाडी चढाला लागली.